भिंतीवरच्या लाल फुल्या

त्या सकाळी मी डॉक्टरांना तीनदा "येस सर" म्हणालो. तिन्ही वेळा मला नीट कळलेलं नव्हतं.

बा माझ्या शेजारी स्टुलावर बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवून त्यावर डावा दाबून धरलेला, थरथर दिसू नये म्हणून. जे दाखवायला आलो होतो तेच तो डॉक्टरांपासून लपवत होता. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावातून तो पहिल्या एसटीनं चंद्रपूरला आला होता, आणि मी वसतिगृहातून स्टँडवर त्याला घ्यायला गेलो होतो. उतरताना कंडक्टरनं त्याला हात दिला तेव्हा मी दोन पावलं मागेच उभा राहिलो होतो. माझ्या वर्गातला एक मुलगा समोर चहा पीत होता. हेही सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच जातीचं आहे.

डॉक्टरांनी बाचा हात कोपरातून वाकवून पाहिला, दारापर्यंत चालून यायला लावलं, वजन घेतलं. चोपन्न किलो. मग मराठीतच सांगितलं की हा कंपवात आहे, मुळापासून जाणार नाही, पण गोळ्यांनी हातपाय बरेच मोकळे राहतील. आणि मला विचारलं, "तू काय करतोस?"

"बी.एस्सी., सर. दुसरं वर्ष."

डॉक्टरांचा चेहरा खुलला. त्यांना खरंच आनंद झाला होता, असं मला आजही वाटतं. पुढचं सगळं ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. मला कमी लेखायला नाही, मान द्यायला. कॉलेजात आम्हाला इंग्रजीतूनच शिकवत, पण मी नोट्स पाठ करून पास होत होतो. कागदावरचं इंग्रजी मला थोडं ओळखता यायचं. तोंडातून सलग वाहणारं इंग्रजी म्हणजे नाल्याला आलेला पूर, त्यातून एखादं लाकूड हाती लागायचं. टॅबलेट, प्रोटीन, वन अवर, इव्हिनिंग, वेट. एवढीच लाकडं माझ्या हाती आली. "सर, मराठीत सांगा" म्हणायला काहीच लागलं नसतं. पण बा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मोठा डॉक्टर आपल्या पोराशी इंग्रजीत बोलतो आणि पोरगा मान हलवतो, हे पाहताना तो आपला हात दाबून धरायचंही विसरला होता.

परतीच्या एसटीत त्यानं विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

"प्रोटीन बंद."

"ते काय असते?"

हे मला येत होतं. पहिल्या वर्षाला पाच मार्कांचा प्रश्न होता. मी सांगितलं, "डाळ, मासे, अंडी, दूध, भुईमुगाचे दाने. त्याचं अन गोळीचं पटत नाई."

"मंग खायाचं काय?"

"भात. पेज. भाजी."

"भात त हायेच," बा म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

मायला वाचता येत नव्हतं. म्हणून मी प्रॅक्टिकलच्या वहीचं एक पान फाडलं आणि त्यावर चित्रं काढली. मासा, अंडं, दुधाचं पातेलं, डाळीचं गाडगं, शेंगा. जीवशास्त्राच्या आकृत्या काढून हात चांगला वळला होता, मासा तर खवल्यांसकट काढला. प्रत्येक चित्रावर लाल शाईनं फुली मारली आणि खळ लावून तो कागद चुलीच्या वरच्या भिंतीवर चिकटवला. माय पदरानं हात पुसत पाहत होती.

"लाखोरीची डाळ बी?" तिनं विचारलं. आमच्याकडे धान कापलं की त्याच ओलीवर लाखोरी उगवते. ती डाळ नाही असा दिवस आमच्या घरात नसायचा.

"तेबी."

"झिंगे?"

"तेबी बंद."

"थोडेसेक?"

"माय, डॉक्टरले जास्त समजते का तुले?"

ती चुलीकडे वळली. डॉक्टरला काय समजत होतं ते मला माहीत नव्हतं. पण ते वाक्य माझ्या तोंडातून इतकं सहज निघालं की त्या क्षणी मलाही ते खरं वाटलं.

आणि पहिला महिना बाचा हात खरंच सुधारला. त्याला शर्टाची बटणं लावता येऊ लागली. अंगणातून रस्त्यापर्यंत तो न अडखळता जायचा. मी शनिवारी गावी आलो की शेजारची एक म्हातारी बाई म्हणायची, "कॉलेजवाल्यानं बापाले उभं केलं रे बाप्पा." मी "माझं काय त्यात" असं म्हणायचो, पण म्हणताना थांबून उभा राहायचो, तिनं आणखी काही म्हणावं म्हणून.

बा तर माझ्याहून कडक निघाला. त्याच्या मावसभावाच्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. वाढप्यानं डाळीचा चमचा पुढे केला तसा बानं पत्रावळीवर आडवा हात धरला.

"भाऊ, घ्या ना, एवढंसं," वाढपी म्हणाला.

"नाई. माह्या पोरानं मना केलं."

"डॉक्टर हाय का पोरगा?"

"डॉक्टरच समज. त्याच्यासंगं डॉक्टर इंग्रजीत बोलते."

शेजारच्या दोघांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. बा कोरडा भात वांग्याच्या रश्शात कालवून खाऊ लागला. अर्धा घास पत्रावळीबाहेर पडत होता. पूर्वी मी अशा वेळी खाली मान घालायचो. त्या दिवशी घातली नाही. पोराचं ऐकणारा बाप म्हणून तो पंगतीत बसला होता, आणि मला ते भूषणाचं वाटत होतं.

तो वाळत चालला होता हे मला दिसलं नाही असं म्हणता येणार नाही. दिसलं. गळ्याची हाडं वर आली. धोतर दोनदा गुंडाळून खोचायला लागला. पण आजारच आहे, आजारात माणूस वाळतो, असं मी स्वतःला सांगितलं. कंपवाताच्या माणसाचं अंग सतत हलतं, त्यात शक्ती जळते, घास चावायला आणि गिळायला वेळ लागतो म्हणून पोटात कमी जातं, म्हणून अशा माणसाला इतरांपेक्षा जास्त आणि सकस खायला लागतं. हे मला पुढे कळलं. तेव्हा मी त्याच्या ताटातलं जे सकस होतं तेच नेमकं काढून घेतलं होतं.

धानाच्या खरेदीचा हंगाम संपत आला तेव्हा बा मला घेऊन सोसायटीच्या गोदामावर गेला. त्यानं तिथे वीस वर्षं हमाली केली होती. पाठीवर धानाचं पोतं घेऊन फळीवरून थप्पीवर चढणारा माणूस म्हणून लोक त्याला ओळखत. काट्यावर बसणारा माणूस त्याचा जुना सोबती. बाला पाहून तो उठला, मग त्याच्या अंगावरून त्यानं नजर फिरवली. म्हणाला, "ये, चढ काट्यावर. पाहू किती भरते."

"मी का धान होय?"

"धान असता त परत पाठवलो असतो. वाळलेलं जास्त हाय, दाना कमी."

दोन हमाल हसले. बाही हसला आणि काट्याच्या लोखंडी पाटावर उभा राहिला. त्याचं अंग हलत होतं म्हणून काटा स्थिर होईना. सोबत्यानं दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले, मग लक्षात आलं की अशानं वजन चुकेल, म्हणून सोडले. शेवटी दांडी थांबली. शेहेचाळीस.

कोणी हसलं नाही. एका पोत्यात पाऊणशे किलो धान भरत. सोबत्यानं मला बाजूला घेतलं. "काय खाते हा?"

"पथ्य हाय त्याचं."

"पथ्य कोनाचं हाय? त्याचं का दुश्मनाचं?"

मी म्हणालो, "भाऊ, तुमाले नाई समजनार, ते सायन्सचं हाय." तो माणूस माझ्या बापाच्या वयाचा होता. त्यानं मान हलवली आणि पुन्हा काट्यावर जाऊन बसला.

त्या संध्याकाळी घरी मी ताटाकडे नीट पाहिलं. माझ्या ताटात भात आणि अंबाडीची भाजी. बहिणीच्या ताटात तेच. मायच्या ताटात तेच.

"डाळ काऊन नाई केली?"

माय म्हणाली, "चार महिने झाले. कोनीच नाई खात. त्याच्यासमोर बसून आमी मासे खावाचे का?"

माझी बहीण तेव्हा बारा वर्षांची होती. तिची मनगटं मला एकदम बारीक दिसली. मी शनिवारी यायचो, एक दिवस राहायचो आणि वसतिगृहात जाऊन रोज तुरीचं वरण खायचो. जे घरी बंद केलं होतं ते मी तिथे दुसऱ्यांदा मागून घ्यायचो, आणि तसं करताना एकदाही हात थांबला नव्हता.

माय म्हणाली, "मले वाचता नाई येत. पन हा मानूस मले रोज उचलून बसवा लागते, अन रोज हलका लागते. कागद तू लावला. एकदा जाऊन इचारून ये. माह्यासाठी जा."

मी सोमवारी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. तोपर्यंत गोळ्या मी चिठ्ठी दाखवून परस्पर आणत होतो. त्यांनी बोलावलेल्या तारखा हुकल्या होत्या. बाला पुन्हा घेऊन गेलो असतो तर डॉक्टर पुन्हा इंग्रजीत बोलले असते, हे त्यामागचं कारण होतं. मी सांगितलं, वजन शेहेचाळीस झालं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"खातात काय?"

मी सांगितलं.

"डाळ, दूध, सगळं बंद? कोणी सांगितलं?"

ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मग मराठीत बोलू लागले, सावकाश, जसं लहान मुलाशी बोलतात तसं. "मी बंद करायला सांगितलं नव्हतं. गोळी आणि डाळ-मासे यांत अंतर ठेवायला सांगितलं होतं. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, तासाभरानं जेवायचं. डाळ, अंडी, मासे रात्रीच्या जेवणात जास्त ठेवायचे, म्हणजे दिवसा गोळीचा असर चांगला राहतो. पण ते पोटात गेलेच पाहिजेत. आणि दर महिन्याला वजन करायचं. सांगितलं होतं ना?"

"हो, सर."

"समजलं नव्हतं तर विचारायचं होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एका कागदावर सगळं मराठीत लिहून दिलं. दोन वेळा पोटभर जेवण जमत नसेल तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. पेजेत तूप घाला. गूळ आणि दाण्याचं कूट द्या. ग्लास अर्धाच भरा, म्हणजे सांडणार नाही. पाणी जास्त, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. घाई करू नका, सगळ्यांचं जेवण झालं तरी त्यांच्याजवळ बसून राहा. शेवटची ओळ त्यांनी अधोरेखित केली होती.

घरी आलो तेव्हा माय चुलीपुढे होती, बा खाटेवर. मी भिंतीवरचा कागद ओढला. खळीनं घट्ट बसला होता, तुकड्या-तुकड्यांनी निघाला.

"काय झालं?" मायनं विचारलं.

"डॉक्टरनं बदललं. आता सगळं खायाचं."

"म्हंजे पयले त्याचं चुकलं होतं?"

इथे मी खरं बोलू शकलो असतो. तिनं प्रश्न असा विचारला होता की "नाही" एवढं म्हणून सुरुवात झाली असती.

"चुकलं असन," मी म्हणालो.

बा खाटेवरून म्हणाला, "चार महिने उपाशी मारलं बाप्पा त्यानं."

मायनं त्या रात्री लाखोरीची डाळ केली, लसणाची फोडणी दिली. बानं दोनदा मागून घेतली. त्याची हनुवटी ओली झाली होती आणि माय ती पुसत होती. मी जेवलो नाही, वसतिगृहातून जेवून आलो असं सांगितलं.

पावसाळा लागेपर्यंत बाचं वजन पन्नासच्या वर गेलं. माय त्याला दिवसातून पाच वेळा खायला घालायची. ओंजळीत मावेल एवढं. आणि बा बोलण्यात पुन्हा तरतरीत झाला. त्यानं गावभर डॉक्टरची गोष्ट केली. काट्यावरच्या सोबत्याला सांगितली, पानठेल्यावर सांगितली, शेजारच्या बाईला सांगितली, बुद्धविहारात गुरुजींना सांगितली. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मास्तर. माझा कॉलेजचा फॉर्म त्यांनीच भरला होता. गोष्ट सांगता सांगता बानं तिच्यात भर घातली: डॉक्टरची चूक पोरानं पकडली, जाऊन त्याच्याशी इंग्रजीत भांडला, तेव्हा त्यानं बदललं. मी हे ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही.

मग श्रावणात त्याचे पाय चालता चालता जागीच अडकू लागले. गोळीचं प्रमाण बदलायला हवं होतं. मी म्हणालो, "बा, चंद्रपूरले जाऊ."

"त्या डॉक्टरकडं? नाई जात."

"त्याच्याशिवाय दुसरं कोन हाय?"

"सिरोंच्याकडं एक झाडपालावाला हाय म्हनते. त्याच्याकडं जातो. पन ज्यानं मले वाळवलं त्याचं तोंड नाई पाहात."

मी समजावलं, माय बोलली, बहीण रडली. बा ऐकेना. तिसऱ्या दिवशी तो न्हाणीच्या दगडावर पडला, कपाळ फुटलं. त्याच्या जखमेवर हळद दाबत असताना मी बोललो. त्याच्याकडे न पाहता.

"बा, डॉक्टर नाई चुकला. मी चुकलो. त्याचं इंग्रजी मले समजलंच नोहतं."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तू त येस येस करून राह्यला होता."

"होय."

"समजलं नाई, अन येस?"

"होय."

माय दारात उभी होती. ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला नाही, म्हणजे ती आत नुसतीच उभी होती. बानं माझा हात कपाळावरून बाजूला केला आणि हळद स्वतः दाबून धरली. हात हलत होता, पिवळी धार भुवईवर आली.

"मंग त्या मानसाले म्या एवढ्या शिव्या देल्लो, त्याचं काय?"

मला वाटलं होतं तो स्वतःच्या भुकेबद्दल बोलेल. तो बोलला नाही.

"ज्याले ज्याले म्या सांगतलो, त्याले त्याले सांगून ये. माहे पाय असते त मीच गेलो असतो. तू सांगून आला की मी येतो चंद्रपूरले."

मी गेलो. शेजारच्या बाईनं फक्त "बरं" म्हटलं आणि तांदूळ निवडत राहिली. काट्यावरच्या भाऊनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमी अनपढ. आमी डाळ खातो." पानठेल्यावर चार जण होते. तिथे मी घाईघाईत सांगितलं, आणि त्या दिवसापासून ठेलेवाला मला पाहिलं की विचारू लागला, "काय सायन्सवाले, आज काय बंद करता?" ते मी कितीतरी वर्षं ऐकलं.

विहारात गेलो तेव्हा गुरुजी सातवी-आठवीच्या पोरांना घेऊन बसले होते. मला पाहून म्हणाले, "हा पाहा, आला. याच्याचबद्दल सांगत होतो." पोरं वळून पाहू लागली. मी शेवटी जाऊन बसलो, शिकवणी संपेपर्यंत थांबलो, गुरुजींची तब्येत विचारली आणि घरी आलो.

"गुरुजीले सांगतला?" बानं विचारलं.

"सांगतलं."

"काय म्हनले?"

"म्हनले, चुकते मानूस."

बाला ते पटलं. "मोठा मानूस हाय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासोबत चंद्रपूरला आला आणि डॉक्टरांना हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमाले लय बोललो मी." डॉक्टरांना काहीच कळलं नाही.

दिवाळीआधी गुरुजी बाला पाहायला घरी आले. मायनं गूळ-दाणे दिले. बा खाटेवर उठून बसला. "गुरुजी, पोराले तुमी माफ केलं, बरं केलं. दुसरा असता त कॉलेजातून काढा म्हनला असता."

गुरुजींनी बाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दाणा तोंडात टाकला, चावला. "चुकते मानूस," ते म्हणाले. मी बनवलेलं वाक्य त्यांच्या तोंडून जसंच्या तसं आलं. ते योगायोगानं आलं असेल, पण मी उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेलो.

मी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. बोरीच्या झाडापाशी ते थांबले. "आता सांग, म्या कायची माफी देली?"

मी सगळं सांगितलं. येस सर पासून. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, "पोराईले म्या तुही गोष्ट तीन वेळा सांगतलो. आता खरी कोन सांगन? तू का मी?"

"तुम्हीच सांगा, गुरुजी."

ते माझ्याकडे पाहत उभे राहिले. मी आणखी काही बोलेन म्हणून थांबले असावेत. मग "बरं" म्हणाले आणि छत्री टेकत विहाराकडे निघाले. सात वाजायला आले होते, पोरं जमली असतील. मी घरात परत आलो. मायनं बाची डाळ-पेज ताटलीत काढून ठेवली होती, आणि त्याचं जेवण संपेपर्यंत मी त्याच्याजवळ बसून राहिलो.